उपाशीपोटीची साखर येते कुठून?

मेहकरसारख्या तालुक्याच्या गावी शुगर असलेल्या माणसाची एक ठरलेली तक्रार असते. रात्री आठला एक भाकरी आणि वाटीभर वरण खाल्ले, चहा बिनसाखरेचा घेतला, पोळ्याला पुरणपोळीकडे बघितलेसुद्धा नाही, आणि तरी सकाळी उपाशीपोटी तपासलेली शुगर १६० निघाली. घरचे संशयाने बघतात. यांनी चोरून काहीतरी तोंडात टाकले असणार. जेवणानंतरची शुगर वाढली तर दोष ताटाला देता येतो. पण दहा तास पोटात अन्नाचा कण गेलेला नसताना वाढलेल्या साखरेचा हिशेब ताटातून लागत नाही. तो लावायला यकृताकडे, म्हणजे लिव्हरकडे जावे लागते. मधुमेहावरचे आपल्याकडचे बहुतेक बोलणे काय खावे आणि काय टाळावे याभोवती फिरते, आणि त्यात साखर खाणारा माणूस दिसतो, साखर तयार करणारा अवयव दिसत नाही. टाइप २ मधुमेहाचा मोठा भाग मात्र यकृताच्या या कारखानदारीचा आजार आहे. इन्सुलिनचे पहिले काम तिला आवर घालण्याचे असते, आणि तो आवर का सुटतो हे कळल्याशिवाय पथ्य, उपास, गोळी यांपैकी कशाचाच अर्थ नीट लागत नाही. दीडशे वर्षांहून अधिक काळाचा पुरावा याच बाजूला झुकतो. त्याला अपवादही आहेत, आणि त्यातले काही आपल्याच भागातले आहेत.

आधी साधे गणित करू. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते, आणि निरोगी अवस्थेत त्यात सगळे मिळून जेमतेम पाच ग्रॅम ग्लुकोज असते. एकटा मेंदूच तासाला साधारण पाच ग्रॅम ग्लुकोज जाळतो. म्हणजे रात्री पुरवठा थांबला तर तासाभरात माणूस बेशुद्ध पडेल. तसे होत नाही, कारण यकृत रात्रभर रक्तात ग्लुकोज सोडत असते: दर किलो वजनामागे मिनिटाला सुमारे दोन मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसात हे तासाला सात ग्रॅमच्या आसपास जाते. त्यातला साधारण अर्धा भाग साठवलेल्या ग्लायकोजेनमधून सुटतो, आणि उरलेला यकृत नव्याने घडवते: स्नायूंकडून आलेल्या लॅक्टिक आम्लातून, प्रथिनांच्या ॲलनिनसारख्या तुकड्यांतून, चरबी फुटल्यावर निघणाऱ्या ग्लिसरॉलमधून. मूत्रपिंडे यात थोडा हातभार लावतात. स्नायूंमध्ये यकृताच्या तिप्पट-चौपट ग्लायकोजेन असते, पण ग्लुकोज मोकळे करून रक्तात सोडायला लागणारे एन्झाइम स्नायूंत नसते. त्यांचा साठा त्यांच्यापुरताच. आता १६० चा आकडा पुन्हा पाहा. रक्त आणि पेशींभोवतालचा द्रव मिळून, १०० आणि १६० यांच्यातला फरक सात-आठ ग्रॅमचा भरतो. एवढे ग्लुकोज यकृत तासाभरात सोडते. पुरवठा आणि खप यांचा मेळ थोडासा चुकला, आणि तो रोज रात्री चुकत राहिला, तर रिपोर्ट बिघडायला मिठाईची गरज उरत नाही.

यकृत साखर करते ही गोष्ट एकेकाळी कुणी मान्यच केली नसती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत साखर फक्त वनस्पती तयार करतात आणि प्राणी ती फक्त जाळतात, असा समज होता. पॅरिसच्या क्लोद बर्नार यांनी १८४८ मध्ये तो मोडला. साखरेचा अंश नसलेले मांस खाऊ घातलेल्या कुत्र्यांच्या यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात त्यांना साखर सापडली. तरीही शंका होतीच, की ही साखर आधीच कुठेतरी साठलेली असेल. तेव्हा १८५५ मध्ये त्यांनी एक प्रयोग केला, आणि सगळ्या शरीरशास्त्रात इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग विरळाच. नुकत्याच मारलेल्या प्राण्याचे यकृत काढून त्याच्या शिरेतून त्यांनी थंड पाण्याची धार सोडली. बाहेर येणाऱ्या पाण्यात साखर लागेनाशी होईपर्यंत, सुमारे चाळीस मिनिटे, ते यकृत धुतले गेले. मग ते तसेच दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी पाहिले तर त्यात पुन्हा भरपूर साखर होती. ना रक्त, ना अन्न, ना जिवंत शरीर. साखर आली ती यकृताच्याच पेशींतून. दोन वर्षांनी त्यांनी ती ज्यातून सुटते तो पदार्थ वेगळा काढला आणि त्याला ग्लायकोजेन हे नाव दिले.

या कारखान्यावर लगाम कुणाचा हे १८८९ मध्ये स्ट्रासबुर्गला कळले. योसेफ फॉन मेरिंग आणि ऑस्कर मिन्कोव्स्की यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले आणि त्याच्या लघवीतून साखर वाहू लागली. मिन्कोव्स्की यांना पुढे आढळले की अशा कुत्र्याला उपाशी ठेवले तरी साखर थांबत नाही, आणि लघवीतल्या नायट्रोजनशी तिचे एक ठरावीक प्रमाण राहते. नायट्रोजन येतो प्रथिनांतून. म्हणजे उपाशी जनावर स्वतःचे मांस झिजवून साखर करत होते आणि बाहेर टाकत होते. १९२१-२२ मध्ये टोरांटोत फ्रेडरिक बँटिंग, चार्ल्स बेस्ट, जॉन मॅकलिऑड आणि जेम्स कॉलिप यांच्या हातून इन्सुलिन मिळाले, आणि हाडांचा सापळा झालेली मुले पुन्हा भरू लागली. इन्सुलिन साखर पेशींत ढकलते, हे वाक्य शाळेच्या पुस्तकापासून दवाखान्याच्या भिंतीवरच्या तक्त्यापर्यंत सगळीकडे दिसते. ते खोटे नाही, पण अर्धे आहे. त्या मुलांच्या अंगावर मांस परत आले त्याचे एक मोठे कारण हे की मांसापासून साखर करण्याचा यकृतातला धंदा थांबला.

शरीराची रचनाही हेच सांगते. स्वादुपिंडातून निघालेले इन्सुलिन थेट सगळ्या अंगात जात नाही. ते आतड्यांच्या रक्ताबरोबर पोर्टल शिरेतून आधी यकृतात पोचते. तिथे त्याची पातळी बाकी शरीराच्या दुप्पट-तिप्पट असते, आणि यकृत त्यातला जवळपास निम्मा वाटा स्वतःच वापरून संपवते. यकृताच्या पेशीत ते दोन वेगांनी काम करते. काही मिनिटांत ग्लायकोजेन फोडणारी एन्झाइमे मंदावतात आणि साठवणारी जागी होतात. काही तासांत नवी साखर घडवणाऱ्या एन्झाइमांच्या जनुकांना पेशीच्या केंद्रकातून हाक देणारे प्रथिन बाहेर काढले जाते. तिसरा मार्ग यकृताबाहेरून येतो, आणि अलीकडच्या संशोधनात त्याचे वजन वाढत गेले आहे. इन्सुलिन चरबीच्या पेशींना आवरते; त्यांच्यातून मेदाम्ले आणि ग्लिसरॉल सुटणे कमी झाले की यकृताला साखर करायला लागणारा कच्चा माल आणि इंधन दोन्ही आटतात. कातडीखाली टोचलेले इन्सुलिन मात्र हा क्रम उलटवते. ते आधी सगळ्या अंगात पसरते आणि यकृताला त्या मानाने कमी मिळते. म्हणून सकाळची शुगर आणायला डोस वाढवत गेले की भलत्या वेळी शुगर घसरण्याचा धोका वाढतो.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो भक्कम आहे. इन्सुलिनचा परिणाम मोजायची क्लॅम्प नावाची पद्धत राल्फ डिफ्रोंझो यांनी १९७९ मध्ये रूढ केली. शिरेतून इन्सुलिन आणि ग्लुकोज एकाच वेळी देऊन पाहिले तर बहुतेक ग्लुकोज स्नायू उचलतात, आणि मधुमेहींचे स्नायू ते नीट उचलत नाहीत. मग मुख्य दोषी स्नायू नाहीत का? या प्रयोगात इन्सुलिनची पातळी जेवणानंतर असते तशी वर नेलेली असते, आणि अशा वेळी यकृत जवळजवळ गप्पच बसलेले असते. जेवणानंतरच्या साखरेबद्दल स्नायूंवरचा आरोप त्यामुळे टिकतो. रात्री इन्सुलिन तळाला असते, स्नायू मुख्यतः मेदाम्लांवर चालतात आणि ग्लुकोजचा मोठा गिऱ्हाईक मेंदू असतो, जो इन्सुलिनची वाट पाहत नाही. त्या तासांत रक्तातली साखर किती हे बहुतांशी यकृत किती सोडते यावर ठरते. शिवाय सकाळी तळच १६० चा असेल तर दिवसभराची प्रत्येक जेवणानंतरची चढण त्याच्यावरून सुरू होते. दोन दोष आहेत, वेळा वेगळ्या आहेत, आणि गोड बंद करून पहिल्यालाच थोडा आराम पडतो.

यकृत ऐकेनासे का होते याचे आजचे सर्वांत पटणारे उत्तर चरबी हे आहे. गरजेपेक्षा जास्त उष्मांक येत राहिले आणि कातडीखालची जागा अपुरी पडली की चरबी यकृतात साठते. विचित्र गोष्ट अशी की हे यकृत इन्सुलिनचा एक हुकूम धुडकावते आणि दुसरा पाळते. साखर करणे थांबव, हे ते ऐकत नाही. साखरेपासून चरबी कर, हे मात्र निमूट ऐकते. मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी २००८ मध्ये हा विरोधाभास मांडला तेव्हापासून त्याच्या खुलाशावर वाद चालू आहे, पण परिणाम कुठल्याही सोनोग्राफी सेंटरवर दिसतो. स्वादुपिंड जोर लावून जास्त इन्सुलिन ओतते, त्याने साखर पुरती आवरत नाही आणि चरबी वाढत जाते. साध्या साखरेतले निम्मे फ्रुक्टोज असते आणि ते मुख्यतः यकृतच हाताळते. गोडाचे खरे नुकसान मधुमेह होण्याच्या कितीतरी आधी या वाटेने होत असते, निदान झाल्यावर चहातली साखर बंद करणे हा उशिरा आलेला शहाणपणा असतो.

मराठी वाचकाने इथे पुण्याकडे पाहिले पाहिजे, कारण हा प्रश्न जगात ज्यांनी नव्याने विचारायला लावला त्यांत पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे नाव अग्रभागी आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचे आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र छापून आले. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३, म्हणजे तक्त्याप्रमाणे दोघेही ठणठणीत. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. वजनकाट्याचे पितळ इतक्या थोडक्यात क्वचितच कुणी उघडे पाडले असेल. त्याच्या आधी, १९९३ पासून, त्यांच्या चमूने पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांचा गरोदरपणापूर्वीपासून अभ्यास सुरू केला होता. तिथे जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचे ३.५. पण कमतरता सगळीकडे सारखी नव्हती. पोटाचा घेर, म्हणजे आतल्या अवयवांचा आकार, सर्वांत जास्त मागे होता. स्नायूही कमी होते. कातडीखालची चरबी मात्र जवळपास राखलेली होती. लहान यकृत, थोडे स्नायू आणि राखलेली चरबी घेऊन आलेले हे बाळ पुढे पोटाने सुटले तर काय होईल, हे समजायला वर मांडलेले गणित पुरे आहे. आयसीएमआर-इंडियाबच्या पहिल्या टप्प्यात, २०११ मध्ये, महाराष्ट्रातले मधुमेहाचे प्रमाण ८.४ टक्के निघाले. ग्रामीण भागात ६.५. शेतात राबणाऱ्याला शुगर होत नाही, ही समजूत तेव्हाच मोडीत निघायला हवी होती.

चरबी हे कारण असेल तर ती काढल्यावर यकृत पुन्हा ऐकायला लागले पाहिजे. न्यूकासलच्या रॉय टेलर यांनी हे तपासले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात टाइप २ मधुमेहाच्या ११ जणांना आठ आठवडे दिवसाला सुमारे ६०० कॅलरींवर ठेवले. पहिल्या सात दिवसांतच यकृतातली चरबी सुमारे ३० टक्क्यांनी उतरली आणि उपाशीपोटीची साखर निरोगी माणसांच्या पातळीला आली. स्वादुपिंड सावरायला मात्र सगळे आठ आठवडे लागले. सकाळचा आकडा कुणाच्या हाती असतो याचा याहून स्वच्छ पुरावा माझ्या पाहण्यात नाही. अकरा माणसे म्हणजे फार थोडी, असे कुणी म्हणेल. पण पुढे स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या साध्या दवाखान्यांतून झालेल्या 'डायरेक्ट' चाचणीत, वजन उतरवण्याच्या गटातले ४६ टक्के लोक वर्षाअखेर गोळ्यांशिवाय मधुमेहमुक्त पातळीवर होते, नेहमीच्या उपचारांच्या गटात ४ टक्के. दुसऱ्या वर्षी ४६ चे ३६ झाले. ज्यांचे वजन परत चढले त्यांची साखरही परत आली, हेही त्याच चाचणीने दाखवले.

महाराष्ट्रात या चर्चेला डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचे नाव टाळून पुढे जाता येत नाही. कडक भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच जेवायचे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचे, मधे काही नाही, डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवर उभी केलेली ही पद्धत घराघरांत पोचली. वारंवार खाल्ल्याने वारंवार इन्सुलिन स्रवते, हा तिचा पाया. तिची टिंगल करणाऱ्यांनी प्रागचा २०१४ चा प्रयोग वाचावा. तिथे ५४ मधुमेहींना तेवढ्याच कॅलरी आळीपाळीने दिवसाला सहा लहान आणि दोन मोठ्या जेवणांत विभागून दिल्या. दोन जेवणांच्या काळात वजन, यकृतातली चरबी आणि उपाशीपोटीची साखर तिन्ही अधिक उतरली. पण तिच्या भक्तांनीही तोच प्रयोग नीट वाचावा. प्रागची दोन जेवणे सकाळची न्याहारी आणि दुपारचे जेवण होती, आपल्याकडचे दुसरे जेवण रात्री साडेआठला मालिका बघत होते. आणि सहभागींना दोन्ही काळात गरजेपेक्षा रोज ५०० कॅलरी कमी मिळत होत्या. दोनदा बसून चार वेळचे जेवणाऱ्याच्या यकृतावर घड्याळाचा उपकार होत नाही. एकादशीचेही तसेच, साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याचा लाडू, ही यकृताच्या दृष्टीने उपासाची व्याख्या नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना डॉक्टरांना न विचारता जेवण सोडणे तर उघड धोक्याचे, कारण तेव्हा यकृताचा हात औषधाने बांधलेला असतो.

दुसरा आक्षेप अधिक जवळचा आहे. ज्याच्या अंगावर चरबीच नाही, जो लहानपणी अर्धपोटी वाढला, त्याच्या मधुमेहाचे काय? तिथे वरची मांडणी ओढूनताणून बसवू नये. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये अशा कृश रुग्णांवर क्लॅम्पने झालेले काम २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्यात इन्सुलिन स्रवणेच कमी होते. टाइप २ च्या रुग्णांच्या तुलनेत त्यांच्या यकृतात चरबी कमी होती आणि यकृत साखरही कमी सोडत होते. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने या प्रकाराला टाइप ५ म्हणून मान्यता दिली. याज्ञिक यांच्या सहभागाने तरुण भारतीय रुग्णांवर झालेल्या अभ्यासातही इन्सुलिनची तीव्र कमतरता असलेलाच गट सर्वांत मोठा निघाला. मेहकर-लोणारच्या पट्ट्यात सोयाबीन काढणाऱ्या मजुराला शुगर निघाली तर 'वजन कमी करा' हा छापील सल्ला त्याच्यासाठी निरर्थकच नाही, घातकही ठरू शकतो. यकृताला मध्यभागी ठेवायचे म्हणजे प्रत्येक रोग्यात त्यालाच दोषी ठरवायचे असे नाही. आवाज देणारा मुका झाला की ऐकणारा बहिरा झाला, हे आधी पाहायचे.

मग औषधानेच यकृत बंद का पाडू नये? जगात सर्वाधिक दिले जाणारे मेटफॉर्मिन काही अंशी हेच करते. युरोपातल्या गॅलेगा नावाच्या झुडपातल्या द्रव्याशी त्याचे नाते आहे, आणि पॅरिसच्या जाँ स्टेर्न यांनी १९५७ मध्ये ते मधुमेहींसाठी पुढे आणले. यकृतातली नवी साखर ते कमी करते हे पक्के आहे. कोणत्या कळीवर बोट ठेवून, यावर अजून एकमत नाही, आणि आतड्यातही त्याचे काम चालते. त्याहून जोरकस उपाय मात्र फसले. ग्लुकागॉन हे संप्रेरक यकृताला साखर सोडायला लावते. त्याची वाट अडवणाऱ्या औषधांनी साखर छान उतरली, पण यकृताची चरबी आणि एन्झाइमे वाढली आणि ती बाजारात पोचलीच नाहीत. लघवीवाटे साखर बाहेर काढणाऱ्या गोळ्या घेतल्या तर यकृत भरपाई म्हणून उलट उत्पादन वाढवते. तरीही त्या उपयोगी पडतात, कारण बाहेर जाणारी साखर त्या भरपाईहून जास्त असते. रिकाम्या पोटी दारू पिणाऱ्या मधुमेहीला रात्री शुगर घसरून जी फिट येते, तीही याच हिशेबातली: दारू जिरवण्यात गुंतलेले यकृत नवी साखर करू शकत नाही. साखर करणे हा यकृताचा रोग नाही. तो त्याचा धर्म आहे, आणि बिघडते ते प्रमाण.

सरकारी पातळीवर हे थोडेफार उमगले आहे. २०२१ मध्ये केंद्राने असंसर्गजन्य रोगांच्या कार्यक्रमात फॅटी लिव्हरचा समावेश केला. गावात आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो फॉर्म भरतात त्यात कमरेचा घेर असतो, पुरुषाला ९० सेंटिमीटर आणि बाईला ८० च्या पुढे गुण वाढत जातात. बीएमआयपेक्षा ही टेप आपल्या लोकांसाठी जास्त खरे बोलते. ज्याचा घेर आणि शुगर दोन्ही वाढलेले, त्याच्या यकृतात नुसती चरबी आहे की घट्टपणा यायला लागला आहे, हे चाळायला महागडे यंत्र लागत नाही. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट एवढ्या चार आकड्यांवरून फिब-४ नावाचा गुणांक निघतो आणि हे चारही आकडे तालुक्याच्या लॅबमधून मिळतात. अडचण दुसरीच आहे. गुणांकात वय असल्यामुळे पस्तिशीच्या आत तो भरवशाचा राहत नाही, आणि पुण्याजवळच्या त्या खेड्यांत २.७ किलोने जन्मलेली मुले आता कुठे तिशीत पोचली आहेत.